विहिरीवरच्या इंजिनाची नेमप्लेट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर आणि एआय’ या विषयावर बोलायला सुचवलं होतं. वीस वर्षांहून जास्त काळ मी सॉफ्टवेअर लिहिते आहे, म्हणून ते साहजिकच होतं. पण पुण्याहून अंजनगावला येऊन मी तुम्हाला एआय सांगावं आणि तुम्ही माना डोलवाव्या, यात कोणाचंच फारसं भलं नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि तो मिळाला. मी आज विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांबद्दल बोलणार आहे. सगळ्यांना समजतो असा विषय आहे, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त समजतो. चुकलं तर तिथूनच ओरडा.

या विषयाकडे मी वळले ती परदेशातल्या एका सहकाऱ्यामुळे. हा गृहस्थ दिवसभर आमच्यासोबत कोड लिहितो आणि शनिवार-रविवार जुन्या चेनसॉ गोळा करतो. चेनसॉ म्हणजे झाडं कापायची साखळीची करवत, आपल्याकडे जिला नुसतं ‘कटर’ म्हणतात ती. त्याच्या शेडमध्ये अशी कित्येक यंत्रं भिंतीला टांगलेली आहेत आणि प्रत्येकाखाली एक कार्ड आहे. त्यावर कंपनी, मॉडेल, साल, इंजिन किती सीसीचं, वजन किती, साखळीचा पिच किती, कार्बोरेटर कोणता, सगळं लिहिलेलं. तो ते पाठ म्हणून दाखवतो. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत काढली, पुढे १९२९ साली पेट्रोलवरची. ती उचलायला दोन माणसं लागत. एका माणसाला पेलेल असं श्टीलचं पेट्रोल मॉडेल यायला १९५० साल उजाडलं आणि तेही १६ किलोचं होतं. १९५९ साली आलेलं ‘कॉन्ट्रा’ मॉडेल १२ किलो आणि ६ एचपी. सगळं नऊ वर्षांत. वजन खाली, ताकद वर.

एक गोष्ट त्याने सांगितली ती मला फार आवडली. सुरुवातीच्या करवतींना फ्लोट कार्बोरेटर असे, म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरसारखा. करवत आडवी केली की पेट्रोल नीट जाईना आणि इंजिन बंद पडे. पुढे डायफ्रॅमचा कार्बोरेटर आला आणि यंत्र कसंही वाकडं धरलं तरी चालू राहू लागलं. आणि साखळीचे दात? अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे जाते. त्यावरून त्याने साखळीला डावे-उजवे दात दिले आणि १९४७ साली त्या साखळीचा कारखाना काढला. आजच्या कटरची साखळी तुम्ही जवळून पाहिली, तर तिच्यात ती अळी अजून आहे.

हे सगळं ऐकल्यावर त्याने मला सरळ विचारलं, ‘तुझ्या गावात अशी कोणती यंत्रं आहेत?’

मी क्षणभर शकुंतलेचं नाव घेणार होते. मूर्तिजापूर–अचलपूर लाइन, आपलं अंजनगाव स्टेशन, एकीकडे कापूसतळणी, दुसरीकडे पथ्रोट. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झालं आणि त्या जागी डिझेल इंजिन आलं. तेव्हा आपली सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. पण शकुंतलेवर पुष्कळांनी लिहिलं आहे. तिचे फोटो आहेत, बातम्या आहेत. ज्या यंत्रावर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, त्याच्याबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत. ते म्हणजे विहिरीवरचं इंजिन.

आठवून पाहा. संत्र्याचे बगीचे, पानमळे, पानपिंपळी, केळी, कपाशी. आपल्या भागातलं यातलं बहुतेक पीक पाण्यावर उभं राहिलं आणि ते पाणी आधी मोटेने आलं, मग इंजिनाने. घरात इंजिन आलं म्हणजे मोठी गोष्ट होती. भूविकास बँकेचं कर्ज, सातबाऱ्यावर बोजा, आणि नारळ फोडून पहिलं हँडल. लाइट आली-गेली तरी इंजिन चालायचं, डिझेलची कॅन तेवढी भरलेली पाहिजे.

आता थोडं तांत्रिक बोलते. आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, त्यामुळे जपून.

आपल्या भागात मुख्यतः दोन जातींची इंजिनं दिसत. एक हळू चालणारं, मोठ्या चाकांचं. दुसरं जलद चालणारं, आटोपशीर.

हळू इंजिनांचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडमधल्या डर्स्ली गावचं लिस्टर. ही कंपनी १८६७ सालची. तिचं ‘सीएस’ नावाचं डिझेल इंजिन १९३० च्या आसपास बाजारात आलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट, बाहेरून गरम न करता थंडच चालू होणारं. त्याआधीच्या कित्येक ऑइल इंजिनांना चालू करण्यापूर्वी डोक्याशी दिवा लावून तापवावं लागे. या लिस्टरचं ‘६/१’ मॉडेल म्हणजे ६ एचपी, १ सिलिंडर. फेरे मिनिटाला ६५०. सिलिंडरचा बोअर ११४.३ मिमी, स्ट्रोक १३९.७ मिमी. म्हणजे साडेचार इंच गुणिले साडेपाच इंच. गुणाकार केला तर साधारण १,४३३ सीसी. वजन तीन क्विंटलाहून जास्त. इंग्लंडमध्ये हे इंजिन १९८० च्या दशकापर्यंत बनत होतं. तिथे बंद झालं, पण राजकोटच्या कारखान्यांत त्याच मापाची इंजिनं बनत राहिली. आज इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक राजकोटचं इंजिन मिळावं म्हणून धडपडतात. आपण भंगारात देतो, ते हेच.

जलद इंजिनाचं आपल्याकडचं घराघरातलं नाव किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा, किर्लोस्करवाडी १९१० ची आणि पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. त्यांचं ‘एव्ही-१’ मॉडेल घ्या. बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, ५५३ सीसी, ५ एचपी, मिनिटाला १,५०० फेरे. महाराष्ट्रातलं आणखी एक जुनं नाव म्हणजे साताऱ्याचं कूपर. ते काढणारे धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. विहिरीवरच्या एखाद्या प्लेटवर हे नाव दिसलं, तर त्यामागे एवढा इतिहास आहे हे लक्षात असू द्या.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवू. एकाचं पोट १,४३३ सीसी आणि ताकद ६ एचपी. दुसऱ्याचं ५५३ सीसी आणि ताकद ५ एचपी. पोट अर्ध्याहून कमी आणि ताकद जवळजवळ तेवढीच, हे कसं? उत्तर फेऱ्यांमध्ये आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल पेटतं. लिस्टरमध्ये मिनिटाला ३२५ वेळा, एव्ही-१ मध्ये ७५० वेळा. लहान घास, पण भराभर. म्हणूनच हळू इंजिनाचा ठोका आपल्याला मोजता यायचा, सेकंदाला पाच-साडेपाच. जलद इंजिनाचे साडेबारा ठोके कानात एकमेकांत मिसळून जातात. रात्री खाटेवर पडल्या पडल्या ‘हे आपलं, ते काकाचं’ असं जे आपण ओळखायचो, ते खरं तर फ्रीक्वेन्सी अनॅलिसिस होतं.

या जलदपणाची किंमतही असते. पिस्टनचा सरासरी वेग काढला, तर लिस्टरमध्ये तो सेकंदाला ३ मीटर येतो आणि एव्ही-१ मध्ये साडेपाच. धावपळ जास्त तेवढी झीजही जास्त, म्हणून तेल स्वच्छ हवं, फिल्टर वेळेवर बदलायला हवा. हळू इंजिन वर्षानुवर्षं दुर्लक्ष सोसतं, पण त्याला जागा लागते, पाया लागतो आणि हलवायला आठ माणसं लागतात. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही. कोणत्या कामाला कोणतं, एवढाच प्रश्न.

ते मोठं चाक कशासाठी? इंजिनाला दोन फेऱ्यांतून एकदाच धक्का मिळतो. उरलेला वेळ ते जमवलेल्या गतीवर फिरतं. ही गती चाकात साठते आणि साठा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग कमी, तर साठा राखायला वजन वाढवावं लागतं. म्हणून हळू इंजिनाची चाकं जड. चालू करताना काय करायचे? डिकम्प्रेशनचा खटका वर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. हँडलने चाक गरगरा फिरवायचं, चाकात गती भरली की खटका खाली सोडायचा. हवा दाबली जाते, दाबाने तापते, तिच्यात डिझेलचा फवारा पडतो आणि ठोका बसतो. ना बॅटरी, ना स्पार्क प्लग. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली ऑग्सबर्गला हे करून दाखवलं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात अशाच पद्धतीचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवलं गेलं होतं.

आणि गव्हर्नर! पाणी कमी-जास्त झालं, भार बदलला, तरी फेरे तेवढेच राहतात, कारण आतमध्ये दोन वजनं फिरत असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग घटला की आत येतात आणि डिझेल वाढवतात. मी ज्या सर्व्हर यंत्रणेवर काम करते, तिच्यात गर्दी वाढली की आपोआप जास्त मशीन सुरू होतात आणि ओसरली की बंद होतात. तत्त्व तेच. फरक एवढाच की माझं बिघडलं तर शंभर पानांचा लॉग वाचावा लागतो, आणि विहिरीवरचं बिघडलं तर मेकॅनिक लांबूनच सांगतो.

अंजनगावच्या एका जुन्या मेकॅनिककाकांशी मी गेल्या दिवाळीत दोन तास बोलले. ते म्हणाले, ‘पोरी, नेमप्लेट मंग पायजो. पयले धूर पाय. काया धूर असन तं डिझल जास्त होऊन राह्यलं नाही तं हवा कमी. निया असन तं रिंगा गेल्या, तेल जयते. पांढरा असन तं दाब कमी हाय, नाही तं पानी शिरलं.’ इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हा तक्ता मी पाठ केला होता. काकांनी तो पन्नास वर्षं वापरला होता. त्यांच्याकडे आता कोणी शिकायला येत नाही. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला आहे. त्यांच्या दुकानातले नोझल, लायनर, गॅस्केटचे डबे कोणत्या इंजिनाचे हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे, कारण डब्यांवर काहीच लिहिलेलं नाही.

इंजिनं गेली का, याचं कारणही भौतिकशास्त्रातच आहे. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो. त्याची कमाल मर्यादा १०.३ मीटर, प्रत्यक्षात सहा-सात मीटर. पाणी त्याखाली गेलं की पंप पाणी सोडतो. मग फूटव्हॉल्व्हमध्ये शेणकाला ओतून पाहायचा. तेही जमेना, तर विहिरीत आडव्या गर्डरवर माचा करून इंजिनच खाली उतरवायचं. आपल्या संत्रा पट्ट्यात पाणी जसजसं खोल गेलं, तसतशी इंजिनंही खाली उतरत गेली आणि शेवटी थांबली. बोअरवेलमधलं पाणी वर ढकलायला सबमर्सिबल मोटर आली, आणि आता काही शेतांत सोलर पॅनल दिसतात. म्हणजे इंजिन हरलं ते मोटरीपुढे नव्हे, आपल्याच खाली गेलेल्या पाण्यापुढे. तुमच्या विहिरीतल्या भिंतीत माच्याच्या खोबण्या असतील, एकाखाली एक. त्या मोजा. भूजलाची ती आपली घरची मोजपट्टी आहे.

आणि हे मी फक्त हौसेसाठी सांगत नाही. विहिरीत उतरवलेल्या इंजिनाचा धूर आत कोंडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. एक माणूस खाली बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. अशा घटना आपल्या पंचक्रोशीत झाल्या, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पट्ट्यात धोतर, पदर अडकून झालेले अपघातही आपण पाहिले आहेत. जुनं यंत्र जपायचं म्हणजे त्याने घेतलेली किंमतही लिहून ठेवायची. नुसतं गोड गोड नाही.

मैत्रिणींना एक वेगळं सांगते. इंजिनाला हात लावणं हे ‘पोरीचं काम’ नव्हतं. पण डिझेलची कॅन डोक्यावरून शेतात कोणी नेली? दांडावर बारी कोणी धरली? इंजिनाचा आवाज थांबला की ‘पानी तुटलं’ हे सगळ्यात आधी कोणाला कळायचं? आपल्या आयांना. त्यांना विचारा. त्यांच्याकडे असलेली माहिती कोणत्याही प्लेटवर कोरलेली नाही.

आता माझी मागणी. फार मोठी नाही. संग्रहालय काढू, ट्रस्ट करू, असं मी म्हणत नाही. भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला आला, तर द्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरात अडचण असते, मला कल्पना आहे. एवढंच करा की देण्याआधी पंधरा मिनिटं द्या आणि एका कागदावर पुढील गोष्टी लिहा.

१. नेमप्लेटवरचं सगळं जसंच्या तसं: कंपनी, मॉडेल, नंबर, एचपी, आरपीएम. प्लेट गंजली असेल तर रॉकेलच्या बोळ्याने हळू पुसा, पॉलिश पेपर लावू नका, अक्षरं जातील. मग कागद ठेवून पेन्सिलीने घासा, ठसा उमटतो.

२. प्लेट नसेल तर ओतीव भागांवरची उठावाची अक्षरं आणि आकडे. ते बहुधा ब्लॉकवर, हेडवर किंवा चाकाच्या आऱ्यांवर असतात.

३. चाकाचा घेर दोरीने मोजा, काठाची रुंदी पट्टीने. चाकं एक की दोन तेही लिहा.

४. हेड उघडलेलं असेल तरच बोअर मोजा. मुद्दाम उघडू नका.

५. थंड करायची पद्धत: टाकीचं पाणी, पंपाचंच पाणी की हवेचा पंखा.

६. कोणते भाग बदललेले आहेत, आणि कोणी बदलले.

७. कोणत्या साली घेतलं, कोणाकडून, कर्ज किती वर्षांत फिटलं. भूविकास बँकेची जुनी पावती किंवा सातबारा असेल तर फोटो.

८. त्या पाण्यावर कोणतं पीक घेतलं, आणि इंजिन कोणत्या वर्षी बंद पडलं.

कोणी चालू करून पाहणार असेल तर मोकळ्या हवेत, पट्टा काढून, आणि सोबत जाणकार माणूस ठेवून. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटलं तर अंगठा वाचतो. हे मला पुस्तकाने नाही, त्या मेकॅनिककाकांनी सांगितलं.

या नोंदी एकत्र करून त्यांची नीट यादी बनवायचं काम मी करते. ते मला येतं. पण यादी भरणं तुमच्या हातात आहे. आपल्या वर्गातले जे गावात राहिले, शेती करतात, गॅरेज चालवतात, मोटार वाइंडिंग करतात, त्यांना आम्ही बाहेर गेलेले लोक अशा मेळाव्यांत स्टेजवर बोलावत नाही. या विषयात तज्ज्ञ ते आहेत. पुढच्या मेळाव्यात हे भाषण त्यांच्यापैकी कोणी करावं आणि मी खाली बसून लिहून घ्यावं, अशी मी संयोजकांना जाहीर विनंती करते.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर लिहायला शिकवलंत. आज मी निष्कर्ष काढलेला नाही, निरीक्षणाचा रकाना तेवढा आखून दिला आहे. तो भरायला फार वर्षं हातात नाहीत. ज्यांनी पहिलं हँडल मारलं, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत.

जेवण तयार आहे असा निरोप आला आहे, आणि वऱ्हाडात वांग्याच्या भाजीला थांबवणं बरं नाही.